भोपळा घेऊन सायकली बघायला

सायकल या वस्तूबद्दल माझं मत कधीच फारसं चांगलं नव्हतं. माझं गाव कराडच्या अलीकडं. रस्ता बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचा, आणि त्या चाकोरीत सायकलचं चाक एकदा अडकलं की बैलांना जिथं जायचं असेल तिथंच आपणही पोचायचं. पुढं साताऱ्यात नोकरीला लागलो तेव्हा पोवई नाक्याच्या चढानं उरलीसुरली हौस फेडली. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवरून परत आल्यावर लोक मला विचारायचे, "इटलीत काय बघितलंस?" मी म्हणायचो, सायकली. त्यांची तोंडं उतरायची. त्यांना बर्फ हवा असायचा, तोफा हव्या असायच्या, निदान एखादी गोरी बाई तरी. आणि मी सांगणार सायकली, त्याही भोपळा बगलेत धरून बघितलेल्या. एका चुलत्यांनी तर माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, पोराच्या डोक्याला काही लागलंबिगलं होतं का.

लागलं होतं ते माझ्या जोडीदाराला, आणि डोक्याला नाही, गुडघ्याला.

हा जोडीदार कवठे महांकाळचा. पलटणीत येण्याआधी त्याचं गावात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक छप्पर, एक पंप आणि तासावर द्यायच्या चार-पाच सायकली. लढाईत तो सगळीकडं फिरला, पण दुकान डोक्यातून गेलं नाही. कुठलीही वस्तू दिसली की तो आधी एकच विचार करायचा, ही भाड्यानं दिली तर परत येईल का. मोठं देऊळ दाखवलं तरी त्याची नजर बाहेर टेकवून ठेवलेल्या सायकलींवर.

त्याच्या उजव्या गुडघ्यात तोफेच्या गोळ्याचा तुकडा गेला. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण गुडघा सरळ राहिला तो राहिलाच. वाकायचं नाव नाही. मला त्याच सुमारास कावीळ झाली, म्हणून आम्ही दोघं एकाच आराम छावणीत येऊन पडलो. लढाई संपली होती आणि बोटीची वाट बघणं एवढंच काम होतं. डॉक्टरांनी त्याला विचारलं, काही शंका आहे का. त्याला इंग्रजी येत नव्हती, म्हणून त्यानं हातांनी हँडल धरल्यासारखं केलं आणि डाव्या पायानं हवेत पायडल मारलं. डॉक्टरांना वाटलं गडी मोठा विनोदी आहे. ते हसत पुढच्या खाटेकडं गेले.

त्या दिवशी तो जेवला नाही. रात्री मला म्हणाला, "सायकलवाला हाय मी. आन मलाच सायकलवर बसता यायचं न्हाई. गाव हसंल रं."

मी म्हणालो, गाव हसत नाही, गाव दोन दिवस बोलेल आणि विसरेल.

"आन पोरं भाड्याची सायकल घिऊन पळाली तर? त्यांच्या मागं कोण लागंल, तू?"

मी म्हणालो, लागेन की. कावीळ झालेल्या माणसाची अक्कलही पिवळी पडते असं मला वाटतं.

तर आमची बोट ठरली. दसऱ्याच्या सकाळी लॉरीनं बंदराकडं निघायचं असा हुकूम आला. म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी. पलटणीत असतो तर बंदुका मांडून, कोहळा कापून झोकात पूजा झाली असती. पण आम्ही आजारी माणसं, आमच्या बंदुका केव्हाच जमा झालेल्या. मी म्हटलं, यंदा राहू दे. जोडीदार ऐकेना. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं हत्यार पुजायचं असतं, आणि त्याचं म्हणणं, आपलं हत्यार सायकल. एक तरी सायकल पुजल्याशिवाय तो बोटीत पाय ठेवणार नव्हता.

आईनं दिलेलं कुंकू त्यानं बुटाच्या पॉलिशच्या डबीत जपून ठेवलं होतं. छावणीच्या कुंपणाजवळची पिवळी फुलं त्यानं खुडली. कोहळा त्या मुलुखात मिळेना, तेव्हा लंगरातल्या स्वयंपाक्याला गळ घालून एक लहानसा लाल भोपळा मिळवला. काठी त्याच्या हातात असल्यामुळं भोपळा माझ्या बगलेत आला, आणि आम्ही सुट्टीचा पास घेऊन शहरात निघालो.

आता, शहरात सायकली उदंड होत्या, पण प्रत्येकीवर माणूस बसलेला. उभी सायकल म्हणून दिसेना. एक टपालवाला सायकलवरून उतरून पत्र टाकायला थांबला होता. जोडीदार कुंकवाचं बोट पुढं करून त्याच्याकडं गेला, तेव्हा तो माणूस पत्र न टाकताच असा काही पळाला की त्या पत्राची मला अजून काळजी वाटते. पुढं एका मोठ्या इमारतीच्या दारावर सायकलचं चित्र रंगवलेलं दिसलं. माणसं आत जात होती. दारवानानं आमचे गणवेश बघितले, काठी बघितली, मग भोपळा बघितला आणि बराच वेळ विचार केला. शेवटी त्यानं आम्हाला बाजूच्या लहान दरवाजानं आत घेतलं. आपला माल मांडायला येणारे लोक त्या दरवाजानं जात होते, हे मला नंतर कळलं.

आत नवनव्या सायकलींचं प्रदर्शन होतं, त्याचा शेवटचा दिवस, नुसती जत्रा. पण आपण जिला सायकल म्हणतो तशी तिथं एकही नव्हती. लढाईत त्या लोकांना रबर मिळत नव्हतं, म्हणून कुणी बाटल्यांची बुचं दोरीत ओवून त्यांची टायरं केली होती. एकानं चाकाभोवती स्प्रिंगा लावल्या होत्या. त्या सायकलवर बसून मालक फेरी मारून दाखवत होता आणि त्याचे दात वाजलेले आम्हाला लांबून ऐकू येत होते. एका सायकलला मागं कॉफी दळायचं यंत्र होतं, पायडल मारलं की कॉफी पडायची. मी म्हटलं, आपल्याकडं असं जातं बसवलं तर बायकांचा त्रास वाचेल. जोडीदार म्हणाला, "बाप्ये पीठ सांडत गावभर फिरतील, आन बायका मागनं गोळा करत."

पेटीत घडी घालून ठेवायची सायकल होती. तिच्या मालकानं ती झटक्यात उलगडली, आणि आम्ही हॉलची पूर्ण चक्कर मारून आलो तरी तो ती परत पेटीत घालत होता. तोवर त्यानं कोट काढला होता. दोन माणसांनी पाठीला पाठ लावून बसायची सायकल होती. ही कुठल्या दिशेला जाते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. जोडीदाराला ती भांडलेल्या नवरा-बायकोसाठी असावी असं वाटलं. पाद्र्यांच्या झग्यासाठी जाळी लावलेली सायकल होती, थंडीत गरम पाण्याची पिशवी घालायची सोय असलेली सीट होती. एका सायकलची घंटी दाबली की डोक्यावर आपोआप छत्री उघडायची. छत्रीवाल्यानं ती आमच्यासमोर मोठ्या ऐटीत उघडली आणि शेजारून चाललेल्या बाईंची टोपी छत्रीच्या काडीवर गेली. बाई जे बोलल्या ते मला समजलं नाही, पण सूर ओळखीचा होता. आमच्या गावच्या पाणवठ्यावर तो रोज लागतो.

प्रत्येक सायकलपुढं जोडीदार काठीवर रेलून उभा राही आणि निकाल देई. "कवठ्यात ही सांजपातूर टिकत न्हाई." "हिची बुचं पोरं काढून नेतील." घडीच्या सायकलपुढं तर तो हादरलाच. भाड्यानं नेलेली सायकल गिऱ्हाईक पेटीत घालून मिरजेच्या गाडीत बसलं तर शोधायची कुठं? पूजेला मात्र त्याला कुठलीच पसंत पडेना. इकडं भोपळ्यानं माझा हात गळायला आला होता आणि काविळीचं पथ्य म्हणून सकाळी फक्त पेज पोटात गेली होती. मी म्हणालो, आता समोर दिसेल तिला कुंकू लाव, नाहीतर मी भोपळा खाली टाकतो.

अगदी कोपऱ्यात, संडासाच्या वाटेवर, एक काळी सायकल उभी होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं. गर्दी तिला वळसा घालून सरळ संडासाकडं जात होती. तिला डाव्या बाजूला लांब दांड्याचं एक पायडल होतं, उजवीकडं नुसती लोखंडी पट्टी. दुसरं पायडल पडलं असावं असं आम्हाला वाटलं.

"हिच्याकडं कुणी बघंना," जोडीदार म्हणाला. "आपण पुजली तर कुणाची अडचण न्हाई."

त्यानं बूट काढले. मला काढायला लावले. हँडलला, सीटला, दोन्ही चाकांना कुंकू लावलं, फुलं वाहिली. मग भोपळा जमिनीवर ठेवून काठीच्या मुठीनं फोडला. त्या आवाजानं निम्मा हॉल आमच्याकडं वळला. जोडीदार डोळे मिटून हात जोडून उभा होता. मग त्यानं भोपळ्याचे तुकडे केले आणि जमलेल्या लोकांना प्रसाद म्हणून वाटले. ती सभ्य माणसं होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून कच्चा भोपळा खाल्ला आणि आणखी मागितला नाही.

एवढ्यात सायकलचा मालक जेवून परत आला. तोही म्हातारा, मिशीला पावाचे कण लागलेले. सायकलची ती अवस्था बघून त्यानं आधी छातीवर क्रूसाची खूण केली. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण त्याची नजर जोडीदाराच्या काठीवर गेली, काठीवरून ताठ पायावर गेली, आणि त्याचा चेहरा एकदम फुलला. आम्हाला पोटापुरती इटालियन येत होती, बाकीचं त्यानं हातवाऱ्यांनी सांगितलं. पायडल पडलं नव्हतं. सायकल एकाच पायानं चालवायची होती. डावा पाय दांडा खाली दाबणार, स्प्रिंग तो वर आणणार, परत दाबायचा. उजवा पाय त्या पट्टीवर सरळ ठेवून द्यायचा. वाकवायची गरज नाही.

बिचारा सकाळपासून स्वतः बसून दाखवत होता, पण त्याचे दोन्ही पाय धडधाकट, त्यामुळं लोकांना तो चेष्टा करतोय असं वाटत होतं. त्याला हवं तसं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा समोर उभं होतं. त्यानं सायकल धरली आणि सीटवर थाप मारून जोडीदाराला म्हणाला, बस.

जोडीदाराचा चेहरा मी अजून विसरलो नाही. आधी तो उजळला. एक हात पुढंही झाला. मग हात थांबला आणि तोंड काळंठिक्कर पडलं.

"आज न्हाई," तो म्हणाला.

माझ्याही लक्षात आलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं. ते दसऱ्याच्या सकाळी उचलायचं. गावाकडं त्या दिवशी सुतार करवतीला हात लावत नाही. सगळ्या हॉलमधली एकच सायकल त्याला चालवता येण्याजोगी होती, आणि नेमकी तीच त्यानं स्वतःच्या हातानं बंद करून ठेवली होती.

माझा पारा चढला. मी म्हणालो, "अरे, प्रदर्शन आज संध्याकाळी संपतंय. उद्या सकाळी आपली लॉरी. जन्मात परत दिसायची नाही ही सायकल. बस की गुमान."

"पुजलीया न्हवं."

"इथं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

म्हाताऱ्याला काहीच कळेना. त्यानं सायकल ढकलून दाखवायला घेतली, तर जोडीदारानं सीट घट्ट धरली. "आवं म्हातारबा, न्हाई हलवायची. उद्या." दोघं दोन बाजूंनी सायकल धरून एकमेकांना आपापल्या भाषेत समजावत राहिले. ते बघायला गर्दी जमली. आणि गर्दीचं कसं असतं, ती बघून आणखी गर्दी आली. अख्ख्या प्रदर्शनात मालक बसा बसा म्हणत होते, आणि इथं एक शिपाई सायकलला हात लावू देत नव्हता. तेव्हा प्रत्येकाला तीच सायकल बघायची होती. म्हातारा हुशार. थोड्या वेळानं त्यानं ओढाताण सोडली आणि लोकांना काहीतरी लांबलचक सांगायला लागला. त्यात हिंदुस्थान आणि साधू असे शब्द मला ऐकू आले. साधू बहुधा मी असणार, कारण पिवळा मी होतो.

छत्रीवाला हे सगळं बघत होता. त्यानं येऊन जोडीदाराला नम्रपणे खुणेनं सांगितलं, माझ्याही सायकलला ते लाल लावा. जोडीदार म्हणाला, "लावतो. पर मग आज छत्री उघडायची न्हाई." मी ते त्याला जमेल तसं समजावलं. छत्रीवाल्यानं थोडा विचार केला आणि परत गेला.

गर्दी ओसरली तसा जोडीदार सायकलशेजारी जमिनीवर बसला, ताठ पाय पुढं पसरून. तो दांड्याकडं बघत होता. दांड्याच्या थोडं वर हात धरून तो वरखाली करायचा, पण लावायचा नाही. स्प्रिंग कुठं अडकवली आहे, चक्राचे दात कसे धरतात, मान वाकडी करून करून बघायचा. मला त्याचा राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि भूक तर लागलीच होती. संध्याकाळी बंद व्हायची घंटा झाली. मी म्हाताऱ्याला आमच्या छावणीचा रस्ता सांगितला, सकाळी लॉरी निघते हे सांगितलं. त्यानं मान डोलावली. मान काय, तो दिवसभर डोलावत होता. मी काही विश्वास ठेवला नाही.

दसरा उजाडला. सामान लॉरीत चढलं. जोडीदार फाटकाशी काठीवर उभा. मी हाका मारतोय, तो रस्त्याकडं बघतोय. आमचे सुभेदार साताऱ्याकडचेच. त्यांचा आवाज असा की लॉरी सुरू असतानाही लॉरी ऐकू येऊ नये. त्यांनी दोनदा दटावलं. मी त्याचा दंड धरून ओढायला गेलो, आणि तेवढ्यात वळणावरून म्हातारा आला. सायकल चालवत नव्हता. हातात धरून, सांभाळून, आजारी म्हशीला आणावं तशी हळूहळू आणत होता. हँडलवर कालचं कुंकू तसंच होतं, वाळलेली फुलंही तशीच. उद्या म्हणजे उद्या, हे त्याला पुरतं समजलं होतं.

जोडीदारानं सायकलला नमस्कार केला, फुलं उतरवली आणि सीटवर बसला. पहिल्यांदा सरळ माझ्या अंगावर पडला. दुसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या. तिसऱ्यांदा म्हाताऱ्यानं मागून धरलं, मी पुढून, आणि आम्ही दोघं धावत धावत कधी मागं राहिलो ते कळलं नाही. तो फाटकातून बाहेर पडला. डावा पाय वरखाली, उजवा पट्टीवर ताठ. पहारेकरी बाजूला झाला. जोडीदार वळणापर्यंत गेला, आणि थांबायच्या ऐवजी वळला आणि दिसेनासा झाला.

सुभेदार माझ्यावर ओरडले, "कुटं गेला त्यो?"

मी ताठ उभा राहून म्हणालो, "साहेब, सीमोल्लंघनाला गेलाय."

दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघनाला निघालेल्याला सातारचा माणूस कसा अडवणार. सुभेदार ड्रायव्हरकडं वळून म्हणाले, इंजिन बंद कर, तेल कशाला जाळतोस.

बऱ्याच वेळानं तो परत आला. हसत होता, आणि गालावरून पाणी वाहत होतं, आणि त्याला दोन्हींची लाज नव्हती. त्यानं रस्त्याकडेच्या कुठल्याशा झाडाची पानं आणली होती. आपट्याची नव्हती, पण त्यानं ती सोनं म्हणून म्हाताऱ्याच्या हातात दिली, मग मला दिली, मग सुभेदारांना. म्हाताऱ्यानं ती खिशात घातली आणि आपली सायकल घेऊन गेला. आता मात्र तो तिच्यावर बसून, एकाच पायानं चालवत गेला.

दोन-तीन वर्षांनी मी साताऱ्याहून कवठे महांकाळला गेलो. मिरजेहून छोट्या गाडीनं पोचेपर्यंत दुपार झाली. आणि दिवस माझ्या नशिबानं पुन्हा खंडेनवमीचा. जोडीदाराचं छप्पर आता पत्र्याचं झालं होतं. सगळ्या सायकली ओळीनं उभ्या, कुंकू लावलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. एक गृहस्थ सायकलसाठी काकुळतीला आले होते, सासऱ्यांना न्यायला जायचं होतं. जोडीदार त्यांना सांगत होता, "उद्या या. सासरं एक दिस थांबत्यात." ते चरफडत गेले.

मग माझं लक्ष बाहेरच्या भिंतीकडं गेलं. तिथं एक काळी सायकल टेकवलेली होती. डाव्या बाजूला लांब दांड्याचं पायडल, उजवीकडं पट्टी. गावच्या लोहाराकडून, भंगारातल्या लॉरीची स्प्रिंग लावून, आठवून आठवून करून घेतलेली. काम ओबडधोबड होतं, पण दांडा वापरून घासून चकचकीत झाला होता. तिला कुंकू नव्हतं, फूल नव्हतं.

मी म्हणालो, "हिची पूजा राहिली की रे."

"हिची करत न्हाई."

"का? हिच्यामुळं तर तू..."

"एकदा केली हुती की," तो म्हणाला. "दिसभर नुसतं म्होरं बसून बघत ऱ्हावं लागलं. तेवढं बास झालं."

त्यानं काठी भिंतीला लावून ठेवली, सायकल ओढली आणि ताठ पाय पट्टीवर टाकून वर बसला. मला म्हणाला, घरी जेवायला चल, मागं बस. कोपऱ्यात ठेवलेला भोपळा त्यानं माझ्या हातात दिला. वाट चढाची होती आणि सायकलबद्दलचं माझं मत अजून तेच होतं, पण मी बसलो.